घरगुती कारण

पाहुणे यायच्या आत बोलून घेऊ, असा गहिनीनाथचा सकाळपासून धोशा चालला होता. पण श्रावणातला रविवार, भावाच्या पोरीचं, पंकजाचं, डोहाळजेवण, आत पुरण शिजतंय, पडवीत शेजारच्या बायका कुरडया तळतायत. अशा घरात बोलायला कोणाला सवड असते? भावजय सविता तर त्याला टाळूनच होती. आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो धाकटा भाऊ कारभारी ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. कामाच्या घरात त्याचा पाय कशालाही अडखळायचा, मग सगळ्या बायका हातातलं टाकून त्याच्याभोवती गोळा व्हायच्या. त्यापेक्षा एका जागी बसलेलं बरं.

त्याला अगदीच दिसत नव्हतं असं नाही. समोरचं मधोमध तेवढं दिसायचं, नळीतून पाहावं तसं. आलेल्या माणसाचं तोंड दिसलं तर त्यानं पुढं केलेला हात दिसायचा नाही. दिवस मावळला की तेवढंही जायचं. नगरच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार म्हणून सांगितलं, औषध नाही म्हणाले, आणि घरात आधी कोणाला होता का, असंही विचारलं. कारभारी नाही म्हणाला. खरं तर त्याच्या आईची, राहीबाईची, नजर अशीच हळूहळू गेली होती. पण म्हातारीला मोतीबिंदू झाला, असं या घरानं गावाला इतकी वर्षं सांगितलं होतं, की ती जाऊन इतका काळ लोटला तरी घरातलं कोणी दुसरं काही बोलत नव्हतं.

शेवटी गहिनीनाथनंच खुर्ची ओढून भावाच्या पुढ्यात घेतली.

"कारभारी, आज मी गोरक्षनाथरावांना इचारनार. तू फकस्त मधी बोलू नको."

"भाऊ, ईहिनीला-याह्याला गोडधोड खायला बोलावलंय. त्यांच्या पुढं अर्ज धरायचा व्हय?"

"मग कवा धरायचा? पीएफच्या हापिसातल्या मानसानं काय सांगितलं, इसरला? नोकरीत असतानाच डोळे गेले असतील तर पेन्शन तुमचा हक्क हाय. पर तुमच्या खात्याच्या सुपरवायझरनं तसं लिहून दिलं पायजे. मग मेडिकल बोर्डापुढं उभं करू, म्हनला. आता सुपरवायझर आपलाच सोयरा निघाला, त्याला मी काय करू?"

यात गहिनीनाथचं काही खोटं नव्हतं. कारभारीची सगळी नोकरी साखर कारखान्यात, ऊस उतरतो त्या केनयार्डात गेली. ट्रॉलीतल्या उसाच्या मोळ्या साखळीनं उचलून गव्हाणीत टाकणारी क्रेन तो चालवायचा, आणि त्याच्यासारखा हात यार्डात दुसऱ्या कोणाचा नाही, असं सगळे म्हणायचे. दोन हंगामांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यानं राजीनामा दिला. पण राजीनाम्यात आजाराचं नाव घातलं नाही. त्या दिवाळीत पंकजाची सुपारी फुटली होती, मुलगा यार्ड सुपरवायझर गोरक्षनाथचा, आणि राजीनामा जाणार होता तो गोरक्षनाथच्याच टेबलावरून. मुलीच्या बापाला पडद्याचा आजार, तोही कदाचित आईकडून आलेला, म्हटल्यावर सोयरीक राहिली असती का? तेव्हा याच ओट्यावर बसून गहिनीनाथनं मजकूर सांगितला होता: घरगुती कारणास्तव नोकरी सोडत आहे. कारभारीनं तो मान खाली घालून लिहिला. लग्न झालं, थाटात झालं. आणि आता सविता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती, अन् कारभारीच्या घरात गहिनीनाथच्या घरून दळण येत होतं.

"माझं काई न्हाई," गहिनीनाथ आवाज खाली करून म्हणाला. "मी जलमभर घालीन. पर माझ्या पोरांनी उद्या न्हाई घातलं तर?"

हे कारभारीला लागलं. थोरल्या भावानं हे बोलून दाखवायला इतका वेळ घेतला, याबद्दल त्याला उलट त्याची दयाच आली.

सविता हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "भाऊजी, पाया पडते. पोरगी मोकळी होऊ द्या. बाळंतपन झालं की मग काय करायचं ते करा. आज तिच्या सासूच्या कानावर हे गेलं तर ती त्या पोटातल्या लेकराकडं कसं बघंल?"

"अगं, आपन आईचं नाव कुठं काढनार हाय? नुसतं कारभारीचे डोळे कामावर असताना गेले, एवढंच."

"एक सांगितलं की दुसरं इचारत्यात मानसं."

तेवढ्यात रस्त्याला गाडीचा हॉर्न वाजला आणि बोलणं तिथंच राहिलं.

गोरक्षनाथ धिप्पाड माणूस. बायडाबाई त्याच्या निम्मी, पण घरात चालायचं तिचं, हे लग्नात सगळ्यांनी पाहिलं होतं. जावई ओंकार गाडीतून फळांच्या टोपल्या उतरवून देऊन पुन्हा गाडीपाशीच जाऊन उभा राहिला. पंकजाला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसवलं होतं. कारभारीला ती दारातून दिसली, म्हणजे तिचं कपाळ आणि मोगऱ्याची बिंदी एवढीच दिसली. बाकीची पोर त्यानं आवाजावरून पुरी केली. बायकांनी झाकलेल्या वाट्या तिच्यापुढं ठेवल्या. तिनं एक उघडली तर पेढा निघाला आणि बायडाबाईनं हौसेनं सुनेच्या गालांवरून बोटं मोडली. ते ऐकून कारभारीला वाटलं, सविता म्हणते तेच खरं. आजचा दिवस जाऊ द्यावा.

पण पुरुषांची पंगत उठली, पानं खाल्ली गेली आणि गहिनीनाथला काही धीर धरवेना.

"गोरक्षनाथराव, एक काम हुतं तुमच्याकडं," त्यानं सुरुवात केली आणि मग काही लपवलं नाही. डोळ्यांचं सांगितलं, पेन्शनचं सांगितलं, सुपरवायझरच्या पत्राचं सांगितलं. राजीनाम्यात आजार का लिहिला नाही, तेवढं मात्र त्यानं गोल गोल फिरवलं. "तवा आमाला काई कळलं न्हाई. लगीनघाई हुती."

कारभारी व्याह्याच्या तोंडाकडं बघत राहिला. गोरक्षनाथचा जबडा पान चघळायचा थांबला.

"मला ठावं हुतं," गोरक्षनाथ म्हणाला.

"काय ठावं हुतं?"

"ह्यांच्या डोळ्यांचं. तुमी सांगायच्या आधीपासून. अहो, यार्डात बारा म्हयने उभा ऱ्हानारा मानूस मी. रिकाम्या ट्रॉलीवर साखळी सोडून वाट बघत बसल्याला क्रेनवाला मला कळत न्हाई व्हय? ह्यांची रातपाळी काढून दिवसपाळी कोनी दिली? याही व्हनार म्हनून दिली, असं वाटलं का तुमाला?"

कारभारीला तसंच वाटलं होतं. सोयऱ्याची मेहेरबानी म्हणून तो मनातल्या मनात खजील झाला होता. ज्या माणसापासून लपवायला राजीनाम्यात खोटं लिहिलं, पेन्शन घालवली, बायकोला रोजानं पाठवलं, त्या माणसाला सगळं आधीच माहीत होतं.

"आन तरी तुमी पोरगी केली?" त्यानं विचारलं.

"पोरगी चांगली हुती. पोराला पसंत हुती. तुमचे डोळे आमाला थोडेच नांदवायचे हुते?"

गहिनीनाथ मांडीवर थाप मारून हसला. सकाळपासून पहिल्यांदा हसला. "मग तर झालंच की! उगाच आमी भ्यालो. द्या लिहून चार वळी."

"मी लिहून देनार न्हाई, भाऊ."

हसू तसंच गहिनीनाथच्या तोंडावर राहिलं.

"का?"

गोरक्षनाथनं उठून पान थुंकलं, परत येऊन बसला आणि थेट कारभारीशी बोलायला लागला. "तो जामखेडचा ऊसतोडनीवाला आठवतो का? बिभीषन?"

आठवतो का! कारभारी डोळे मिटायचा तेव्हा तेच दिसायचं, आणि तेवढंच त्याला स्पष्ट दिसायचं. पौषातली संध्याकाळ होती, दिवसपाळी संपायला आली होती. बिभीषण साखळी अडकवून ट्रॉलीवरून खाली उतरत होता. कारभारीनं मोळी उचलली, ती झोका खाऊन ट्रॉलीच्या फळीवर आदळली आणि मधे त्याचा पाय सापडला. पाय पुढं गुडघ्यापासून काढावा लागला. चौकशी झाली. मजूर थांबायचा इशारा न करता खाली उतरला, असं चौकशीत निघालं. मजुराचीच चूक म्हटल्यावर कारखान्याकडं मागायचं काय? मुकादमानं त्याला गावी पोचवलं आणि टोळी उरलेला हंगाम तोडत राहिली. कारभारीनं पुढच्या महिन्यात राजीनामा दिला.

"त्या चौकशीचा रिपोर्ट म्या लिहिला," गोरक्षनाथ म्हणाला. "तुमी सांगितलं, मला इशारा दिसला न्हाई. म्या लिहिलं, इशारा झालाच न्हाई. तुमी सही केली. आता मी लिहून दिऊ, की त्या हंगामात ह्या मानसाला दिसत नव्हतं आन मला ते म्हाईत हुतं? उद्या मला इचारतील, मग आंधळ्याला क्रेनवर बसवला कशाला? नोकरी जाईल, पेन्शन जाईल, वर पोलीस. तुमच्या पेन्शनीसाठी माझी घालवू का?"

आत बायकांचं गाणं चाललं होतं.

"त्या मानसानं इशारा केला हुता का, मामा?"

पंकजा दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, अंगावर फुलं. ती कधी येऊन उभी राहिली ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तू आत जा," गहिनीनाथ म्हणाला.

"जाते, भाऊकाका. मामा, केला हुता का?"

गोरक्षनाथ वाईट माणूस नव्हता. सुनेच्या तोंडावर त्याला खोटं बोलता आलं नाही, हेही लिहून ठेवायला पाहिजे. "केला हुता," तो म्हणाला. "हात वर केला हुता. म्या पाह्यला. पर तवर तुमचं लगीन ठरल्यालं, पोरी. तुझ्या बापाला जेलात घालून तुला घरी आनू? ती लबाडी म्या दोनी घरांसाठी केली."

पंकजानं तांब्या खाली ठेवला. "आप्पा, तुमी अर्ज करा."

"पंकजा!" सविता तिच्या मागून आली आणि तिनं पोरीचा दंड धरला. सकाळी जी अर्जाला नको म्हणत होती ती आताही नकोच म्हणत होती. पण सकाळी अर्ज करा म्हणून अडून बसलेला गहिनीनाथ आता तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. "पोरीला काय कळतंय," तो गडबडीनं म्हणाला. "याही म्हनत्यात त्यात तथ्य हाय. सोयऱ्याचं घर बुडवून आपल्याला भाकर नको. काई तरी मधला मार्ग काढा, गोरक्षनाथराव."

मधला मार्ग गोरक्षनाथकडं होता. "औंदाचा सीझन झाला की मी रिटायर हुतोय. हातात सगळं पडू द्या. मग देतो लिहून. तवर दम धरा."

"झालं तर मग!" गहिनीनाथनं सुस्कारा सोडला.

"रिटायर झाल्यावर मामांच्या सहीला कोन इचारनार?" पंकजा म्हणाली.

हे त्या ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, गहिनीनाथलाही. म्हणून तर कोणी तिच्याकडं बघितलं नाही. सगळे कारभारीकडं बघत होते, आणि हे मात्र त्याला न दिसताही कळलं. सगळ्यांना त्याच्या तोंडून एकच शब्द हवा होता. त्याला बिभीषणाची आठवण झाली, त्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली ती या हिरव्या साडीतल्या पोरीची. ती नांदायला पाहिजे. बाकी सगळं गेलं ते तिच्यासाठीच गेलं होतं. आता तीच गेली तर मागचं सगळं कशासाठी केलं?

"चालंल," तो म्हणाला. "थांबतो मी. इषय संपला."

पंकजा आत वळली, आणि दारातच थांबली. कारण दारात बायडाबाई होती. हातात ओटीचं ताट होतं, तांदूळ, नारळ, खण, सगळं. ती किती वेळ तिथं होती, देव जाणे.

"ईहीनबाई," ती सविताला म्हणाली, "तुमच्या सासूबाईंचा मोतीबिंदूच हुता ना?"

विषय डोळ्यांचा, आणि त्या बाईनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. गहिनीनाथ जागच्या जागी चुळबुळला. गोरक्षनाथला ही बाजू माहीत नव्हती. तो एकदा बायकोकडं आणि एकदा व्याह्याकडं बघायला लागला.

"व्हय," सविता म्हणाली. "मोतीबिंदूच."

"मग आपरेशन का न्हाई केलं? माझ्या आईचं केलं, लख्ख दिसाय लागलं."

सवितानं पदर नीट केला, पुन्हा नीट केला. बायडाबाईनं आणखी विचारलं नाही. तिनं आत जाऊन सुनेची ओटी भरली, रीतीत काही कमी केलं नाही, कुंकू लावलं, नारळ घातला. फक्त मघासारखी गालांवरून बोटं मोडली नाहीत.

निघायच्या वेळी ऊन कलतं झालं होतं. पहिलं बाळंतपण म्हणून पंकजा माहेरीच राहणार, हे आधीच ठरलेलं होतं. बायडाबाई गाडीत बसली आणि तिनं काच खाली केली.

"बाळंतपन नीट करा. आन बाळ झालं की आधी त्याचे डोळे नगरला दाखवा. डाक्टर काय म्हनतोय ते कळवा आमाला. मग न्यायचं बघू."

"म्हंजी?" सविता म्हणाली. "न्यायचं बघू म्हंजी काय? सव्वा म्हयन्यानं न्यायचं ठरलंय ना?"

"कळवा म्हनलं की. आमी कुठं पळून चाललो?"

गोरक्षनाथनं खाली उतरून कारभारीचा हात दोन्ही हातांत घेतला. "मी समजावतो तिला," तो पुटपुटला. त्या घरात कोण कोणाला समजावतं हे कारभारीला माहीत होतं. ओंकार त्या वेळी कुठं बघत होता हे त्याला दिसलं नाही, आणि त्यानं ते नंतर कोणाला विचारलंही नाही. जावयानं गाडी सुरू केली, एवढं ऐकू आलं.

गाडी गेल्यावर गहिनीनाथ बराच वेळ चपला शोधत राहिला. त्या त्याच्या पुढ्यातच होत्या. "रागाच्या भरात बोलत्यात बाया," तो म्हणाला. "नातवाचं तोंड बघितलं की सगळं इसरंल." मग तो मळ्याकडं निघून गेला.

सविता ओट्याच्या कडेला बसली आणि रडली. तिनं रडणं दाबलं नाही. "आधी लगीन मोडंल म्हनून खोटं लिहिलं," ती म्हणाली. "आज सासर सुटंल म्हनून पेन्शनीला नको म्हनलो. काय ऱ्हायलं हातात? सांगा ना, काय ऱ्हायलं?"

आत पंकजा अंगावरची फुलं काढत होती. फुलांच्या माळा ताटात पडल्याचा आवाज येत होता. आज पोरीला काय वाटत असेल, याचाच कारभारी विचार करत होता. आपल्या बापानं एका माणसाचा पाय घेतला, हे तिला आज कळलं, आणि तेही तिच्याच ओटीभरणाला.

पंकजा बाहेर आली, साध्या साडीत. आईच्या शेजारी बसली.

"आत्याबाई मला न्यायला येनार न्हाईत," ती म्हणाली. "येतील तेव्हा येतील. तुमी माझ्यासाठी आता काई थांबवू नका, आप्पा. मला त्याचं वझं हुतंय."

उजेड उतरत चालला होता. कारभारीच्या नळीतलं अंगण आधी पिवळं झालं, मग मळकट झालं.

"जामखेडला जायला नगरात गाडी बदलावी लागती का गं?" त्यानं विचारलं.

सवितानं डोळे पुसले. "जामखेडला कोन हाय आपलं?"

"बिभीषन."

"त्याच्याकडं? कोनत्या तोंडानं जानार?"

"हाय त्या. तू संगं चल, मला एकट्याला गाडी दिसायची न्हाई. गोरक्षनाथराव लिहून देनार न्हाईत, मुकादम देनार न्हाई, यार्डातलं कोनी देनार न्हाई. माझे डोळे कामावर असताना गेल्ते, हे डोळ्यानं पाह्यल्याला तेवढा एकच मानूस उरलाय. तो खालून हात करत हुता आन मी वर बसून त्याच्याकडंच बघत हुतो."

"आन तो तुमची साक्ष देईल व्हय? पाय गेलाय त्याचा, तुमच्यापायी!"

"न देईना," कारभारी म्हणाला. "पर त्यानं हात वर केला हुता, ही त्याची साक्ष म्या देनार हाय."